आधी विसर्जन

मी जादू करते असं पुण्यात कुणाला सांगितलं की समोरचा एकतर हसतो, नाहीतर खुर्ची जराशी मागे सरकवतो. हसणाऱ्याला जादूगार रघुवीर आठवतात. खुर्ची सरकवणाऱ्याला लिंबू, काळी बाहुली आणि अमावास्या. अलीकडे तिसरी जात वाढली आहे. ती पुढे वाकते आणि आवाज खाली आणून विचारते, "मग आमच्या जाऊबाईंचं जरा बघाल का?"

रघुवीरांची विद्या मला येत नाही आणि जाऊबाईंचं मी बघत नाही. भविष्य सांगत नाही, अंगारा देत नाही, पैसे तर कुणाकडून कधीच घेतले नाहीत. सरकारी कचेरीत आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले आणि उरलेल्या वेळात, म्हणजे पहाटे, रात्री, ग्रहणात आणि सुट्टीच्या दिवशी, हे केलं: आजीचे तोडगे, मग इंग्रजी पुस्तकांतली विधिवत जादू, मग श्रीविद्या, म्हणजे देवीची मंत्र-यंत्राची उपासना, आणि आता जे काही उरलंय ते. सासरी त्याला 'हिचं ते' म्हणायचे. मला तेच नाव बरं वाटतं.

आजीचं माहेर महाडकडचं, सासर शनिवार पेठेतलं. तिन्हीसांजेला ती मला पाटावर बसवायची. मुठीत खडेमीठ, मोहरी, देठासकट लाल मिरच्या आणि केरसुणीचे दोन-चार हीर. मूठ डोक्यावरून पायापर्यंत यायची, जमिनीला टेकायची, पुन्हा वर जायची. तोंडाने पुटपुटणं चालू: आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, भुताखेताची, पापीचांडाळाची, असेल नसेल ती दृष्ट जावो. मग सगळा ऐवज शेगडीत. मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नव्हती, नाही लागला तर होती. मला कधीच लागायचा नाही, म्हणजे मी कायम दृष्टावलेलीच. शेगडी मागच्या अंगणात असायची आणि वारा घराकडून नदीकडे वाहायचा, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

पण आजीचं काम तिथे संपत नसे. निखारे विझले की ती राख घेऊन तिठ्यावर टाकायची, मागे वळून न बघता परत यायची आणि उंबऱ्याबाहेर पाय धुतल्याशिवाय घरात पाऊल टाकायची नाही. त्या वयात मला मिरच्यांचं अप्रूप होतं. आता विचाराल तर सगळी विद्या त्या पाय धुण्यात होती.

तिच्याकडे विंचवाचा मंत्रही होता. असा मंत्र ग्रहणात जपला नाही तर निजतो म्हणतात. १६ फेब्रुवारी १९८०चं सूर्यग्रहण मला स्पष्ट आठवतं. खग्रास पट्टा कारवारवरून गेला, पुण्यात खंडग्रासच होतं, पण भर दुपारी आमच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आजी ओलेत्याने देवघरात ताठ बसून जप करत होती. शनिवार पेठेत तोवर विंचू औषधालासुद्धा उरला नव्हता. गंमत अशी, की त्याच काळात तिच्या माहेराकडे, महाडजवळच्या सरकारी दवाखान्यात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रोग्यांच्या उशाशी रात्र रात्र बसून नोंदी घेत होते. लाल विंचवाचं विष हृदयावर कसं चालतं ते त्यांनी मांडलं आणि प्राझोसिन नावाच्या रक्तदाबाच्या गोळीने माणसं वाचवून दाखवली. तेव्हा विंचू चावला तर दवाखाना, यात माझ्या मनात कधी दुमत नव्हतं. मंत्र विंचवासाठी नव्हताच बहुतेक. तो आजीला ग्रहणभर एका जागी, एका विचारावर बसवण्यासाठी होता, आणि ते काम त्याने चोख केलं.

आजी गेल्यावर मला आणखी शिकायचं होतं. पेठेतल्या एका शास्त्रीबुवांकडे गेले. ते म्हणाले, बायकांनी नामस्मरण करावं, न्यासबिस, म्हणजे मंत्र म्हणत अंगाला स्पर्श करणं, हे तुमचं काम नव्हे. त्याच महिन्यात कॅम्पातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात इस्राएल रेगार्डीचा एक जाडजूड खंड हाती लागला. रेगार्डी कधीकाळी ॲलिस्टर क्राउली या कुप्रसिद्ध इंग्रज जादूगाराचा चिटणीस होता, आणि 'गोल्डन डॉन' या लंडनच्या गुप्त मंडळाचे विधी त्याने १९३७ ते १९४० दरम्यान छापून जाहीर केले. मंडळ १८८८ सालचं. स्थापणारे तिघेही फ्रीमेसन, पण यांच्याकडे बायकांना पुरुषांच्या बरोबरीने दीक्षा मिळे. शास्त्रीबुवांनी दार लावल्यावर ही खिडकी उघडी दिसली, शिरले.

या मंडळाचा अगदी पहिला धडा म्हणजे जागा शुद्ध करण्याचा एक छोटा विधी. कपाळ, छाती, उजवा खांदा, डावा खांदा यांना स्पर्श करत हिब्रू शब्द म्हणायचे. मग पूर्वेपासून सुरुवात करून चारी दिशांना हवेत पंचकोनी तारा काढायचा आणि प्रत्येक दिशेला देवाचं एक नाव घुमवायचं. मग मधोमध उभं राहून चार देवदूतांना बोलवायचं: समोर राफाएल, मागे गॅब्रिएल, उजवीकडे मायकेल, डावीकडे उरिएल. मी हे वाड्याच्या गच्चीवर पाठ करत होते आणि मध्येच थबकले. हे मी पाहिलेलं होतं. घरी सत्यनारायणाला येणारे गुरुजी हेच तर करतात! आधी 'अपसर्पन्तु ते भूता' म्हणून जागा मोकळी करायची. हृदयाय नमः, शिरसे स्वाहा, शिखायै वषट् करत अंगाला हात लावायचे आणि 'अस्त्राय फट्'ला डोक्याभोवती हात फिरवून टाळी. मग दिग्बंध, म्हणजे दिशा बांधून घेणं. घंटा वाजवताना तर उघडच म्हणतात, देवांनी यावं आणि राक्षसांनी जावं. लंडनमधल्या फ्रॉककोटातल्या डॉक्टरांनी आणि आमच्या सोवळ्यातल्या गुरुजींनी एकाच आराखड्याचं घर बांधलं होतं. कुणी कुणाची नक्कल केली हा वाद मला निरर्थक वाटतो. माणसाला अदृश्याशी बोलायचं असेल तर आधी चार भिंती उभ्या कराव्याशा वाटतातच.

उच्चारांची मात्र पंचाईत होती. आमच्या कचेरीत एक बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, सहकारी होत्या, रास्ता पेठेतल्या सिनेगॉगच्या, मराठी माझ्यापेक्षा अस्सल. डबा खाताना मी त्यांना विचारलं, पूर्वेला घ्यायचं ते चार अक्षरी नाव नक्की कसं म्हणायचं? त्यांनी घास खाली ठेवला. "अगं, ते आम्ही म्हणत नाही. लिहिलेलं दिसलं तरी त्याच्या जागी अदोनाय वाचतो. आणि तू ते गच्चीवर उभी राहून ओरडतेस?" मी गप्प. आमच्यात गुरुमंत्र नवऱ्याच्याही कानावर पडू द्यायचा नसतो, त्यामुळे त्यांना काय झालं असेल ते मला बरोबर कळलं. त्या दिवसापासून पूर्वेला मी फक्त श्वास घेते. कुठल्याही पुस्तकात असं सांगितलेलं नाही, पण माझ्या गच्चीवर हाच नियम.

दुसरा गोंधळ दिशांचा. गोल्डन डॉनवाल्यांकडे पूर्व वायूची, दक्षिण अग्नीची, पश्चिम पाण्याची, उत्तर पृथ्वीची. आपल्याकडे अग्नी आग्नेयेला, वायू वायव्येला, दक्षिण यमाची. एकट्या पश्चिमेवर दोघांचं एकमत, कारण तिथे वरुण आहे. त्यांना पश्चिमेला अटलांटिक, आपल्याला अरबी समुद्र. पाऊसही तिकडूनच येतो. उत्तर म्हणजे अंधाराची दिशा, सूर्य तिकडे कधीच जात नाही, असं त्यांची पुस्तकं सांगतात. इंग्लंडात भर दुपारचा सूर्य खरंच जात नाही. पुणं मात्र कर्कवृत्ताच्या खाली. मेच्या मध्यावर एका दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. मग जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. हा शून्य सावलीचा दिवस शाळांतल्या मुलांना सुद्धा माहीत आहे. पण मी अनेक भारतीय साधक पाहिलेत जे पुण्याच्या मे महिन्यात घामाघूम होऊन उत्तरेच्या काळोखाचं ध्यान करतात.

तीच तऱ्हा त्यांच्या सणांची. इंग्लंडातली आजची चेटूकविद्या, विका, उभी केली जेराल्ड गार्डनरने. हा गृहस्थ मलायात कस्टम खात्यात नोकरीला होता, १९३६ साली निवृत्त झाला आणि मायदेशी परतून या उद्योगाला लागला. म्हणजे पेन्शनर! पुणेकरांना याचं कौतुक वाटायला हवं. तिथला १७३५चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्याने पुस्तक लिहून सगळं उजेडात आणलं. हे प्राचीन आहे असा त्याचा दावा होता. प्रत्यक्षात त्यात गोल्डन डॉन, फ्रीमेसन आणि क्राउली यांचं बरंच उसनं सामान होतं. ते ओळखलं त्याच्याच शिष्येने. डोरीन व्हॅलिएन्टे या हुशार बाईने क्राउलीचे तुकडे काढून टाकले आणि नवे लिहिले. मला गुरूपेक्षा तीच जवळची वाटते.

तर या मंडळींचं वर्षाचं आठ सणांचं चक्र आहे. १ ऑगस्टला पहिल्या कापणीचा सण. १ ऑगस्टला मुळशी-भोरकडे भातलावणी उरकत आलेली असते, कापायला काही नसतं. ऑक्टोबरच्या शेवटी पितरांची रात्र, तर आपले पितर सर्वपित्री अमावास्येलाच कावळ्याच्या चोचीने जेवून गेलेले. मी काही वर्षं दोन्हीकडचं करून पाहिलं आणि कंटाळून सोडलं. आषाढी अमावास्येला घरातले सगळे दिवे घासून, पाटावर मांडून पूजा करायची, कणकेचे गोड दिवे उकडायचे, यापेक्षा चांगला जादूचा विधी मला युरोपात सापडला नाही. आपण त्याची गटारी करून टाकली तो भाग वेगळा.

एक गोष्ट मात्र मला तिकडच्या बायकांसारखी कधी करता आली नाही. त्या गळ्यात ताईत घालून अभिमानाने सांगतात, मी चेटकीण. चारशे वर्षांपूर्वी जाळल्या गेलेल्या बायकांशी नातं जोडायची ती त्यांची रीत आहे, आणि मला ती कळते. पण आपल्याकडे ते चारशे वर्षांपूर्वीचं नाही. सातपुड्यात आजही एखाद्या विधवेला डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढतात, जीव घेतात. बहुतेक वेळा तिच्या जमिनीवर कुणाचा तरी डोळा असतो. तिने कधी मंत्राचं अक्षरही म्हटलेलं नसतं. मी पुण्यात पंख्याखाली बसून ती पदवी मिरवायची, हे मला जमलं नसतं.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला तो पूल माझ्या माहेरच्या वाड्यापासून चालत पाच मिनिटांवर. २० ऑगस्ट २०१३, सकाळची फिरायला जायची वेळ. त्यांच्याशी माझं पटलं नसतं, पण मी त्यांची दोन भाषणं पूर्ण ऐकलेली आहेत आणि त्यात त्यांनी कुणाच्या देवघरात पाय ठेवला नव्हता. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळात तो मंजूर झाला. माझ्या ओळखीच्या साधकांत तेव्हा घबराट होती, आता जप केला तरी पोलीस येणार. मी कायद्याची अनुसूची काढून वाचून दाखवली. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार, एखाद्यावर करणी केल्याचा आळ घेणं, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवणं. यातलं काय तुम्हाला करायचं होतं, असं विचारल्यावर सगळे चहा प्यायले. ज्याला खरोखर साधना करायची आहे त्याने या कायद्याला विरोध करण्याचं मला आजवर एकही कारण सापडलेलं नाही.

माईंची भेट या सगळ्याच्या खूप आधीची. माई म्हणजे माझ्या श्रीविद्येच्या गुरू. नारायण पेठेत दोन खोल्यांत राहायच्या, शिकवण्या घ्यायच्या, आणि आत श्रीयंत्र. शाक्त परंपरेत बाईला दीक्षा घेता येते आणि देताही येते, हे शास्त्रीबुवांनी मला सांगितलं नव्हतं. मी जाऊन मोठ्या ऐटीत माझी इंग्रजी विद्या ऐकवली. क्राउलीने १८९९ मध्ये स्कॉटलंडात लॉख नेसच्या काठी बोलेस्किन नावाचं घर घेतलं. अब्रामेलिन नावाच्या जुन्या पोथीतला सहा महिन्यांचा विधी तिथे मांडला. मंडळात भांडणं लागली म्हणून १९००मध्ये तो अर्धवट टाकून पॅरिसला निघून गेला. बोलावलेलं सगळं तसंच घरात राहिलं, अशी तिथली आख्यायिका. माईंनी मध्येच विचारलं, "म्हणजे उत्तरपूजा न करता गेला?"

मी हो म्हणाले.

"मग त्याचं पुढचं मला सांगू नकोस. तू आधी विसर्जन शीक. आवाहन कुणालाही येतं."

आणि कितीतरी महिने त्यांनी मला तेवढंच करायला लावलं. समोर काही नाही, कुणाला बोलावलेलं नाही, आणि मी रोज बसून निरोप द्यायची. 'यान्तु देवगणाः सर्वे', पूजा घेऊन सुखाने जा, आणि पुन्हा यायला या. सुरुवातीला मला हे वेड्यासारखं वाटे. मग लक्षात आलं की निरोप द्यायला माझ्याकडे पुष्कळ होतं: कचेरीतलं भांडण, आईचं दुखणं, शास्त्रीबुवांवरचा राग. घरी जाऊन मी रेगार्डी आणि त्याच्या आधीची जुनी हस्तलिखितं धुंडाळली. सतराव्या शतकातल्या इंग्रजी भूतविद्येच्या पोथीत बहात्तर आत्मे बोलवायची लांबलचक दमदाटी आहे, पण शेवटी निरोपाचा एक सौम्य परिच्छेद येतो. त्याचा मथितार्थ असा, की तू आता तुझ्या जागी जा, तुझ्या-माझ्यात शांतता राहो, आणि पुन्हा बोलावीन तेव्हा ये. पुनरागमनाय च! गणपती पाण्यात सोडण्याआधी मूर्ती जराशी हलवून आपण प्रत्येक घरात हेच म्हणतो. लक्ष्मी रोडवर विसर्जनाची मिरवणूक दीड दीड दिवस रेंगाळते, पण तो रेंगाळण्याचा भाग. निरोप देऊन झालेला असतो सकाळीच.

मला वाटतं, जादूचा पंथ आणि पछाडलेपण यांच्यात एवढाच फरक आहे. जी माणसं या वाटेवर बिघडली ती मी जवळून पाहिली आहेत. त्यांना काही दिसत होतं म्हणून ती बिघडली नाहीत. त्यांना ते बंद करता येत नव्हतं.

आणि तरी एक जागा अशी आहे जिथे हा नियम लागू होत नाही. माईंच्या देवघरात एक शाळिग्राम होता आणि एक बाण, म्हणजे शंकराचा गोटा. पंचायतन पूजा करताना इतर मूर्तींना आवाहन व्हायचं, या दोघांना नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, त्यांना आवाहनही नाही आणि विसर्जनही नाही, ते आहेतच. ज्याला गूढवाद म्हणतात तो मला या उत्तरापाशी येऊन भेटला. फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान शिकवणारे गुरुदेव रानडे मराठी संतांच्या अनुभवांवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहून गेले, १९३३ साली. तो मी आदराने वाचला, पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो दगडाच्या दोन गोट्यांनी.

त्यानंतर मी दोन ठिकाणी पुन्हा पुन्हा जाऊ लागले. एक सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ. भीमगीरजी गोसावींनी १७५४ मध्ये बांधायला घेतलं. दर्शनी काळ्या दगडात साखळदंडांनी बांधलेला गेंडा आणि बंदूकधारी गोरे शिपाई कोरलेत, आत संस्कृत आणि फारसी शिलालेख, मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती, आणि खाली तळघर, जिथे गोसावी हठयोग करत. हे सगळं विधीचं, बंधाचं, भिंतींचं. मला अजून आवडतं. दुसरी जागा कॅम्पातली, हजरत बाबाजानचा दर्गा. पठाण घराण्यातली ही बाई हिंडत हिंडत पुण्यात आली आणि चार बावडीजवळ कडुनिंबाखाली बसली ती १९३१ मध्ये देह ठेवेपर्यंत. डेक्कन कॉलेजात शिकणारा एक पारशी मुलगा सायकलवरून जाता-येता तिच्यापाशी थांबायचा. जानेवारी १९१४ मध्ये तिने त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं, आणि पुढे जग त्याला मेहेरबाबा म्हणू लागलं. तिच्याभोवती वर्तुळ नव्हतं, दिग्बंध नव्हता, दिशा कुठली तेही कुणी विचारलं नसेल. रहदारी मात्र तेव्हाही असणार. तिथे बसलं की रिक्षाचा हॉर्न, बेकरीचा वास आणि कुणाचं तरी मोबाइलवरचं भांडण हे सगळं आतच असतं, त्याला बाहेर घालवायला मला एकही मंत्र आठवत नाही.

मग विधी सोडले का? नाही. बाबाजानसारखं बसणं ही काही मनात आणून करण्याची गोष्ट नव्हे, आणि तसा आव आणणारी माणसं मला शास्त्रीबुवांहून जास्त कंटाळवाणी वाटतात. रोज पहाटे मी आसन, न्यास, दिग्बंध, आवाहन, सगळं रीतसर करते. शेवटी निरोप. मग चहा.

हल्ली बाणेर-हिंजवडीकडची मुलं येतात. रीलवर काहीतरी पाहिलेलं असतं, अंगठ्या असतात, स्फटिक असतात, आणि ऑफिसातल्या कुणाची तरी नजर लागलेली असते. मी त्यांना माईंचाच धडा देते: काही बोलवायचं नाही, रोज फक्त निरोप द्यायचा, मग बघू. बहुतेक जण दुसऱ्या आठवड्यात फोन उचलेनासे होतात. एक मुलगी टिकली आहे. मावशी मावशी करत वाद घालते, पुण्याच्या आकाशाप्रमाणे दिशांची स्वतःची मांडणी करायला निघाली आहे, आणि दक्षिण यमाकडून काढून घ्यायला माझी हरकत का, हे तिला लेखी हवंय. येत्या रविवारी ती वही घेऊन येणार आहे. मी अजून उत्तर लिहिलेलं नाही.